पुढची दोन चाकं

मिस्त्रींबद्दल लिहायचं तर आधी कबूल करते की मला त्यांचा राग येतो. भांडून तुटलेल्या माणसाचा येतो तसला नाही, तो चार दिवसांत निवतो. आपल्या डोळ्यांदेखत एखादा माणूस सरळ वागतो आणि आपण वागत नाही, तेव्हा त्या माणसाचा जो येतो तो राग. हा लोणच्यासारखा मुरत जातो. माझा चांगला मुरला आहे.

कडोदऱ्याहून पलसाण्याकडे जाताना हायवेला लागून आमचं वर्कशॉप आहे. मी तिथे काउंटरवर होते. गाडी आली की तक्रार लिहून घ्यायची, जॉब कार्ड बनवायचं, काम झालं की सही करून गाडी सोडायची. माझे वडील बँकेत होते. त्यांची बदली सुरतला झाली आणि आम्ही इथलेच झालो. बँकेतल्या माणसाच्या मुलीने गॅरेजमध्ये नोकरी धरली याचं आमच्या नातेवाइकांना जे दुःख झालं, ते अजून पुरतं ओसरलेलं नाही.

मिस्त्री धुळ्याकडचे. आधी लूमच्या खात्यात जॉबर होते, म्हणजे बंद पडलेले माग चालू करणारे. मग गाड्यांकडे वळले. अंगाने काटकुळे, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, कामाला बसताना मात्र पायात काही नाही. नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण शेठपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे. ते मला ताई म्हणायचे, आणि अहिराणीच्या रिवाजाने अरे-तुरे करायचे.

आमच्याकडे साध्या गाड्याही येत, पण शेठचा खरा जीव होता साडीवाल्यांच्या आणि डाइंगवाल्यांच्या मुलांच्या गाड्यांत. पलसाण्याच्या पुढे एका डाइंग मिलच्या मालकाने स्वतःच्या पडीक जमिनीवर छोटा ट्रॅक करून घेतला होता. शनिवारी ही मुलं तिथे गाड्या पळवायची. आठवडाभर जी गाडी सिग्नलवर हॉर्न वाजवत उभी असते, तीच शनिवारी गोल गोल फिरवायची आणि घामाघूम होऊन एकमेकांच्या पाठीवर थापा मारायच्या. मला त्यातलं सुख कधी कळलं नाही. मिस्त्रींना सुखाशी कर्तव्य नव्हतं, त्यांना ब्रेक ऑइलशी होतं.

"हाई तेल पानी पेस," असं ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, ही गोष्ट खरी आहे. रस्त्यावर त्याने फारसं बिघडत नाही. ट्रॅकवर ब्रेक इतके तापतात की त्या तेलातल्या पाण्याची वाफ होते, आणि मग पाय दाबला तरी पेडल नुसतं खाली जातं. म्हणून ट्रॅकच्या गाडीचं जुनं तेल पार काढून नवं भरायचं. ब्रेकचंही आणि क्लचचंही, कारण दोघांची बोनेटखालची तेलाची डबी एकच. "आनि सुरतनी हवामा तर पानीच शे," असं म्हणून ते खिडकीबाहेर बोट दाखवायचे, जसं काही ते पाणी तिथे दिसतं आहे.

हे काम दोघांचं. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकाशी बसून निपल, म्हणजे तेल सोडायचा छोटा स्क्रू, ढिला करायचा, तेल नळीतून बाटलीत येऊ द्यायचं, निपल आवळायचा. मग वरच्याने पाय उचलायचा. निपल उघडा असताना पाय उचलला की नळीत हवा शिरते आणि केलेलं सगळं वाया जातं. चाकाशी बसलेल्याला पेडल दिसत नाही. त्याला फक्त शब्द ऐकू येतो.

"दाब."

"दाबला."

"सोड."

एकेका चाकाला हे वीस-पंचवीस वेळा. वर्कशॉपात सहा मेकॅनिक होते, पण पेडलवर मिस्त्रींना मीच लागायचे. बाकीचे फोन बघतात, दाबायच्या आधीच 'दाबला' म्हणतात, हे त्यांनी एकदोनदा पकडलं होतं. तेव्हापासून गिऱ्हाईक ताटकळत असलं तरी ते काउंटरशी येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "ताई, चाल. पाय दे." शेठ हसायचे. मीही चप्पल काढून जायचे. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता. घरात आणि दारात कोणी माझ्या शब्दावर एवढं विसंबून नव्हतं.

त्यांचे नेम मोडणं ब्रह्मदेवालाही शक्य नव्हतं. कामाच्या आधी फोन बंद करून डब्यात. काम चालू असताना कोणी शिट्टी वाजवायची नाही. सगळ्यांत लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढची दोन, शेवटी क्लच. प्रत्येक चाकाचं जुनं तेल वेगळ्या काचेच्या बाटलीत, वर कागदाची चिठ्ठी, आणि या बाटल्या आठवडाभर खिडकीत मांडलेल्या. पाहुण्यांना वाटायचं की आमच्याकडे काढा विकायला आहे. पेडल कडक झाल्याशिवाय ते जेवायचे नाहीत. शेवटी अनवाणी पायाने स्वतः पेडल दाबायचे, डोळे मिटून, देवाला गेल्यासारखे.

आणि सगळ्यांत मोठा नेम म्हणजे सीलबंद बाटली. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी वापरायची नाही. झाकण घट्ट लावलेलं असो, आत तीन हिस्से तेल असो, ती बाद. त्यावरून शेठशी दर महिन्याला जुंपायची.

"चालशे, मिस्त्री," शेठ म्हणायचे.

"तुमनं चालशे. गाडीनं नही चालाव."

'चालशे', म्हणजे चालेल, या शब्दावर सगळं सुरत चालतं. दुकानं, मिली, लग्नं, माणसांचे स्वभाव, सगळंच. मिस्त्रींना तो शब्द शिवीसारखा लागायचा. एकदा एका मिलमालकाचा मुलगा म्हणाला, "काका, थोडा उन्नीस-बीस चलता है." मिस्त्रींनी पाना खाली ठेवला आणि त्याला शांतपणे विचारलं, "तुम्हारे घरमें कितने भाई?" तो म्हणाला, "दो." मिस्त्री म्हणाले, "तो फिर चलता है." पोरगा उठून बाहेर गेला. शेठने मिस्त्रींना केबिनमध्ये बोलावून झापलं. ते बाहेर येऊन पुन्हा तिथेच बसले आणि मला म्हणाले, "दाब."

आता त्या शुक्रवारचं सांगते.

दुपारी एका साडीवाल्याच्या मुलाची गाडी लिफ्टवर होती. दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर जायची होती. मागची दोन चाकं झाली आणि सीलबंद बाटली संपली. आदल्या दिवशी उघडलेली एक बाटली कपाटात होती, अर्ध्याहून जास्त भरलेली. मी ती आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या कोणाला पाठवावं तर तो डुप्लिकेट माल उचलील, म्हणून स्वतःच मोपेड काढली आणि उधन्याला निघाले. जाताना बोनेटखालची डबी काठोकाठ भरली, झाकण लावलं आणि मला म्हणाले, "पुढली दोन बाकी शेत. कोनले हात लावू देऊ नको."

ते गेले आणि पाऊण तासात त्या मुलाचा ट्रेलर गाडी न्यायला आला. तो पाच वाजता यायचा होता. शेठ बाहेर आले, त्यांनी बोनेट उघडलं. डबीत नवं, सोनेरी तेल. डबी तर नव्याच तेलाने भरलेली असणार. जुनं होतं ते खाली, पुढच्या चाकांच्या नळ्यांत. "चोख्खुं तो छे!" शेठ म्हणाले. "चाकं बसवा, देऊन टाका."

मी म्हणाले, "पुढची दोन राहिली आहेत." हे मी म्हणाले. एवढं तरी माझ्या खात्यावर असू द्या.

"बेन, ए तो मिस्त्रीनी आदत छे. चालशे. हुं फोन करी दईश, धीमे चलावशे."

जॉब कार्डावर छापलेला रकाना होता, ब्रेक आणि क्लच फ्लश पूर्ण. त्याखाली मी सही केली.

मिस्त्री आले तेव्हा लिफ्ट रिकामी होती. हातात पिशवी, पिशवीत बाटली. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "पुढली दोन?" मी शेठच्या केबिनकडे बोट दाखवलं. ते आत जाऊन आले. बाहेर येऊन म्हणाले की मुलाला फोन करा म्हटलं तर शेठ म्हणतात केला. शेठने फोन केलेला नाही हे मला माहीत होतं, कारण केबिनचा दरवाजा उघडा होता आणि मी समोरच बसले होते. मी कार्डांची चळत नीट लावत राहिले. त्या मुलाचा नंबर माझ्या रजिस्टरमध्ये लिहिलेला होता. मीही फोन केला नाही.

शनिवारी सकाळी मिस्त्री ती बाटली, पाना आणि नळी घेऊन मोपेडवरून ट्रॅकवर गेले. गेटवरच्या माणसाने पास मागितला. मिस्त्रींकडे कसला पास? ते म्हणाले, गाडी थांबवा, पुढच्या ब्रेकमध्ये जुनं तेल आहे. गेटवरचा म्हणाला, आत साहेब लोक आहेत, मी कोणाला थांबवू? दोघं वाद घालत असतानाच आतून आवाज आला.

सरळ पट्टा संपतो तिथे टायर रचून ठेवलेले असतात. त्यांच्या मागे झेंडा घेऊन एक माणूस उभा करतात. त्यासाठी काही शिकलेली माणसं आणत नसत. मिलच्या पॅकिंग खात्यातल्या कोणालाही शनिवारी तिकडे पाठवायचे. त्या दिवशी बुलढाण्याकडचा एक जण होता, पंचेचाळिशीचा, घरात तीन मुली. पेडल खाली गेलं, गाडी टायर उडवून आरपार गेली. मुलाला खरचटलंसुद्धा नाही. झेंडेवाल्याचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला.

सोमवारी शेठच्या केबिनमध्ये बैठक बसली. पोलिसांत जाण्याआधी घरातल्या घरात मिटवू, असं ठरलं होतं. शेठ, त्या मुलाचे वडील, मिलचा मॅनेजर, मिस्त्री आणि मी. ज्याचा पाय गेला त्याच्या बाजूने कोणी नव्हतं, तो हॉस्पिटलात होता.

शेठने जॉब कार्ड टेबलावर ठेवलं. पूर्ण लिहिलं होतं. मिस्त्रींनी पिशवीतून दोन बाटल्या काढून कार्डाशेजारी ठेवल्या. मागचं डावं, मागचं उजवं. काळपट तेल. "पुढल्याच्या बाटल्या नाहीत, कारण पुढली झालीच नाहीत," ते म्हणाले. इतकं शुद्ध मराठी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मुलाचे वडील म्हणाले, "ये बाटली से क्या साबित होता है?" खरंच होतं. काहीच होत नव्हतं. मॅनेजर म्हणाला की ट्रॅकच्या गाडीला पुढचे ब्रेक महत्त्वाचे, मग हा माणूस मागून का सुरुवात करतो? मिस्त्री सांगायला लागले की लांबचं चाक आधी करावं लागतं. तिथे कोणाला ऐकायचं होतं? मग शेठने शेवटचा खिळा ठोकला. "काम पूरुं हतुं तो शनिवारे सवारे गेट पर शुं करता हता? एनो अर्थ के पोतानी भूल खबर हती." म्हणजे जीव तोडून धावत गेला, तोच स्वतःची चूक माहीत असल्याचा पुरावा. मी आजवर पुष्कळ वकील पाहिले, इतका हुशार एकही नाही पाहिला.

मिस्त्री म्हणाले, "ताईला विचारा. पेडलवर ताई होती."

ते हे सहज म्हणाले. अगदी निर्धास्त. आता प्रश्न सुटला, असं त्यांच्या तोंडावर होतं.

शेठ माझ्याकडे वळले. "बेन, तमे कहो. चारेय व्हील थयां हतां के नहीं?"

मी म्हणाले, "थयां हतां." झाली होती.

मराठीत मला ते बोलवलं नसतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. साफ खोटं आहे. मराठीतही बोलवलं असतं. कार्डावर सही माझी होती आणि मला नोकरी हवी होती, पोलीस नको होते. त्यापलीकडे काही कारण नाही. मी शोधून पाहिलं.

मिस्त्रींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. माझ्या पायांकडे पाहिलं, थोडा वेळ. मग दोन्ही बाटल्या पिशवीत ठेवल्या, शर्टाचं वरचं बटण लावलेलंच होतं ते पुन्हा चाचपलं आणि निघून गेले. मेकॅनिकचा निष्काळजीपणा, त्याला कामावरून काढलं, असा शेवट झाला. मोठ्या माणसांपैकी कोणाचीच चूक निघाली नाही, म्हणून कोणी कोणाचं काही देणं लागलं नाही. ज्याचा पाय गेला त्याला मिलने गेटवर वॉचमनच्या खुर्चीत बसवलं, आणि मोठं मन दाखवलं म्हणून मालकाचं कौतुक झालं.

मी अजून तिथेच आहे. आता मला केबिन आहे. ब्रेकचं तेल हल्ली मशीनने बदलतात, पेडलवर कोणी लागत नाही, आणि खिडकीत मनी प्लँट आहे.

बरेच दिवस मी मिस्त्रींवरच खापर फोडत होते. आदल्या दिवशीची बाटली! एका दिवसात तेल किती पाणी पिणार होतं? ती वापरली असती तर अर्ध्या तासात चारही चाकं झाली असती, ट्रेलर आला तेव्हा गाडी तयार असती, आणि आज बुलढाण्याचा तो माणूस दोन पायांवर असता. तुमच्या नेमापायी गेला त्याचा पाय, तुमच्या! हे मी मनात इतक्या वेळा बोलले की शेवटी त्यांना तोंडावर ऐकवावं म्हणून त्यांना शोधत गेले. निदान घरातून निघताना तरी तेच ठरवलं होतं.

ते लिंबायतला एका खात्यात पुन्हा जॉबरचं काम करतात. मी गेले तेव्हा शंभरेक माग धडाधडा चालले होते. ते एका मागावर वाकलेले. मला बघून मान हलवली आणि तुटलेला धागा जोडत राहिले. मी जवळ जाऊन जे बोलायला गेले होते ते बोलले नाही, भलतंच तोंडून निघालं. त्या आवाजात ते मला ओरडून सांगावं लागलं. "मिस्त्री, मी खोटं बोलले!" दोनतीन कारागिरांनी वळून पाहिलं.

त्यांनी धागा जोडला, माग चालू केला, हात पुसले.

"माले माहीत शे," ते म्हणाले. "मी तठेच व्हतू."

मग मला बाहेर चहाच्या लारीवर, हातगाडीवर, घेऊन गेले. चहा सांगितला. माझी विचारपूस केली, आईचे गुडघे कसे आहेत ते विचारलं. मी रडायला लागले तर म्हणाले, "चहा थंडा व्हई." मला हे सहन होईना. मी म्हणाले, शिव्या द्या, काहीतरी बोला.

"मन्हीबी चुकी शे ताई," ते म्हणाले. "ती बाटली कालनी व्हती. चालती ती. मी अडी बसनू."

जे वाक्य मी त्यांच्या तोंडावर मारायला निघाले होते, ते त्यांनीच आधी उच्चारलं. मला हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी म्हणाले, "मिस्त्री, मला माफ करा."

तेव्हा ते पहिल्यांदा चिडले. "माले कसाले सांगी राह्यनी? मन्हा पाय गया का? त्याले सांग. मी जाई उनू. बाटलीनं सांगी उनू त्याले. तू तुन्हं सांग." म्हणजे आपली चूक ते त्याला भेटून सांगून आले होते. त्यांनी ग्लास लारीवर ठेवला. "सकायना आठ ते संध्याकायना आठ गेटवरच रास तो. कोठे जाई?" आणि आत निघून गेले. आत गेल्यावर एकदाही मागे पाहिलं नाही.

याला आठ महिने झाले.

पलसाण्याच्या पुढे माझं कामानिमित्त जाणं असतं. मिल रस्त्यावरच लागते. आधी मी मान फिरवून बसायचे. मागच्या मंगळवारी मात्र ठरवून निघाले, रिक्षा गेटसमोर थांबवायला लावली आणि एक पाय खालीही टाकला. तो खुर्चीत बसला होता. गेटसमोर रिक्षा थांबलेली पाहून त्याला वाटलं, ऑफिसातल्या कोणी बाई आल्या. त्याने भिंतीला टेकवलेली कुबडी ओढली, खुर्चीचा हात धरला, दोनदा घसरला, तिसऱ्यांदा उभा राहिला, आणि मला सलाम केला.

मी पण हात वर केला. मग पाय आत घेतला आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "चलो भैया."